घरचा बत्ता आणि पुरावा क्रमांक सात

रविवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या विमेवाल्यांना मालिका बघायला वर बोलवायचं, एवढंच चिठ्ठीकाकांनी ठरवलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. चहा आपला, टीव्ही आपला, आणि मालिका म्हणाल तर तीही जवळजवळ आपलीच. पण स्वतःची कर्तबगारी दाखवायला साक्षीदार बोलावताना माणसानं दहा वेळा विचार करावा, हे एकतीस वर्षं कोर्टात काढूनही काकांच्या ध्यानात आलं नव्हतं.

काका कोर्टातले निवृत्त मुद्देमाल कारकून. पोलीस ज्या सुऱ्या, काठ्या, कुलपं आणि फाटके शर्ट जप्त करतात, ते कोर्टात आले की त्यांना क्रमांक द्यायचा, चिठ्ठी लावायची, कुलपात ठेवायचं आणि साहेबांनी मागितलं की हजर करायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, हात मात्र सुटला नाही. घरात साखरेच्या डब्याला चिठ्ठी, मिठाच्या डब्याला चिठ्ठी, छत्रीला चिठ्ठी (‘छत्री, काळी, नग एक, दांडा सैल’), आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, वेळ, सही. इमारतीतले लोक म्हणूनच त्यांना चिठ्ठीकाका म्हणायचे, आणि काकांना तो मान वाटायचा. “एकतीस वर्षांत माझ्या खोलीतली टाचणी इकडची तिकडे झाली नाही,” हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. ते म्हणायला लागले की मागे काकूंचेही ओठ हलत.

मालिका होती ‘बत्ता खटल्या’वर. सव्वीस वर्षांपूर्वी हा खटला घराघरांत चवीनं चघळला गेला होता. गावातल्या एका औषधवाल्यानं आपल्या भागीदाराच्या डोक्यात दुकानातलाच पितळी बत्ता घातला, असा आरोप होता. तोच औषधं कुटायचा, खलबत्त्यातला. बत्ता जप्त झाला, पुरावा क्रमांक सात म्हणून काकांच्या ताब्यात आला, खटला वर्षभर चालला, आणि शेवटी औषधवाला संशयाचा फायदा मिळून सुटला. आता त्यावर आठ भागांची मालिका निघाली होती. दर रविवारी, संध्याकाळी सातला.

पहिले तीन रविवार काकांनी गाजवले. दुसऱ्या भागात तर काका स्वतः पडद्यावर आले. म्हणजे त्यांचं काम करणारा एक टकला नट आला, तीन सेकंद दिसला, बत्ता टेबलावर ठेवून गेला.

“उघड्या हातानं धरलाय त्यानं,” काका कळवळले. “मी रुमालानं धरत असे. आणि मला तेव्हा केस होते.”

“होते का हो, काकू?” विमेवाल्यांनी विचारलं. त्यांचा जन्म विम्याचे दावे तपासण्यात गेला होता. कोणी वारलं असं सांगितलं तरी ते आधी ‘नक्की का’ म्हणत.

“होते थोडे,” काकू म्हणाल्या. “चिठ्ठी लावलेली नव्हती, म्हणून गेले.”

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना आपली आवडती गोष्ट सांगायची होती. “निकाल लागला की वस्तू मूळ मालकाला परत द्यायची असते. मी त्या औषधवाल्याला बोलावलं, बत्ता पुढे केला. त्यानं उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाला, ‘साहेब, हा माझा नाही.’ ठेवला आणि निघून गेला. आता सांगा. ज्याच्या मनात काळंबेरं नाही, तो स्वतःचा बत्ता नाकारेल? कोर्टानं सोडला असेल त्याला. मी नाही सोडला.”

आणि खरंच, काकांनी त्याला सोडलं नव्हतं. त्या औषधवाल्याचं दुकान घरापासून पाच मिनिटांवर होतं. निकालापासून काका त्या दुकानावरून मान वळवून जात होते, आणि रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा तीन गल्ल्या पलीकडच्या दुकानातूनच आणायच्या, असं काकूंना बजावून ठेवलं होतं. येईल त्याला ते सांगत, “तिथं जाऊ नका. सुटला, पण केलं त्यानंच.”

चौथ्या रविवारी मात्र घात झाला.

त्या भागात बचावाचा वकील उभा राहिला. कोर्टात कोण काय बोललं हे कोर्टातल्या कारकुनाला सगळ्यात शेवटी कळतं. काका वस्तू पोचवून आपल्या खोलीत परत येत, त्यामुळे हे भाषण तेही पहिल्यांदाच ऐकत होते. वकिलानं बत्ता हातात घेतला. “युवर ऑनर, या दुकानात बारा वर्षं रोज औषधं कुटली गेली. खल आतून झिजून गुळगुळीत झालाय. आणि हा बत्ता बघा. ना झीज, ना ओरखडा, ना औषधाचा वास. काल दुकानातून आणल्यासारखा कोरा. खून कुठल्या बत्त्यानं झाला मला ठाऊक नाही. पण तो हा नाही.” मग पडद्यावर जप्तीच्या वेळचा फोटो आला. त्यातल्या बत्त्याची मान झिजलेली होती आणि खालच्या कडेचा एक टवका उडालेला होता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, “बघा. त्यांना जुन्याच्या जागी नवा मिळाला, आणि आपल्याला नव्याच्या जागी जुना.”

काकांनी कप उचलला, पण तोंडाला लावायचं विसरून पडद्याकडेच बघत राहिले.

काकूंच्या बोलण्याला मागचा संदर्भ होता. सव्वीस वर्षांपूर्वी काकूंच्या खलाचा बत्ता हरवला, म्हणून त्यांनी काकांना नवा आणायला सांगितला. काकांनी मधल्या सुट्टीत कोर्टासमोरच्या भांडेवाल्याकडून घेतला आणि संध्याकाळी घरी आणला. काकूंनी कागद सोडला आणि म्हणाल्या, “हा नवा? ह्याची मान झिजलीय. कसला तरी कडवट वास येतोय. जुना गळ्यात मारलाय तुमच्या.” काका म्हणाले, नवाच आहे. काकू म्हणाल्या, फसलात. हा वाद तेव्हापासून घरात नांदत होता. काकांनी महागाची भाजी आणली की काकू म्हणत, “बत्त्यासारखीच आणलीत.” आणि काका छातीवर हात ठेवून सांगत, तो बत्ता नवा होता, कोरा करकरीत होता, माझ्यासमोर त्यानं वरच्या फळीवरून काढला.

आता खुर्चीत बसल्या बसल्या काकांना ती दुपार पुन्हा दिसली. त्याच दिवशी पुरावा क्रमांक सात प्रयोगशाळेतून तपासून परत आला होता. टेबलावर दोन बत्ते. एक सरकारी, एक घरचा. दुसरा कुणीही माणूस घरचा बत्ता पिशवीत टाकून मोकळा झाला असता. पण काका काका होते. त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर ‘पुरावा क्र. ७’, दुसरीवर ‘घरचा’. तारीख घातली, सही केली. डिंकाची बाटली उघडली. आणि तेवढ्यात साहेबांनी आतून हाक मारली. काका गेले, आले, आणि चिठ्ठ्या चिकटवल्या.

कुठली कुठल्याला?

“काका,” विमेवाले म्हणाले, “चहा शर्टावर सांडताय.”

सोमवारी काकू भाजी आणायला गेल्या तशी काकांनी स्वयंपाकघराची झडती घेतली. बत्ता रुमालात धरून खिडकीशी नेला, भिंग लावलं. कडेचा टवका उडालेला होता. मानेवर एक काळसर रेघ होती. वास घेतला. आल्याचा आला, मिऱ्याचा आला, आणि पाचव्यांदा जोरात हुंगल्यावर औषधाचाही आला. (सातव्यांदा हुंगला असता तर आरोपीचाही आला असता.) काकांनी हिशोब मांडला. म्हणजे नवा बत्ता कोर्टात गेला. खुनाचा बत्ता घरी आला. आपल्या एका चिठ्ठीपायी खुनी सुटला, गावात राजरोस दुकान चालवतोय, आणि आपण सव्वीस वर्षं त्या हत्याराचं आलं चहात घालून पितोय.

यातून सुटायला एकच वाट होती. बत्ता भांडेवाल्यानंच जुना दिलेला असला पाहिजे. म्हणजे जी गोष्ट सव्वीस वर्षं नाकारली, तीच आता देवाजवळ मागायची वेळ आली होती.

“अगं,” जेवताना ते म्हणाले, “तो बत्ता. तुझंच बरोबर होतं. त्या माणसानं जुना माल दिला. मी फसलो.”

काकूंचा हात ताटाशी थांबला. “बरं वाटत नाही का?”

“छान वाटतंय.”

“मग कबूल का करताय?”

“खरं ते खरं. मला फसवणं सोपं आहे. मी आहेच तसा.”

काकू तोंडाला पदर लावून झटकन आत गेल्या. हिला संशय आलाय, काकांनी ठरवलं, आणि ‘मी फसलो’ हे सकाळ-संध्याकाळ म्हणायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून घरात कुणाचा कुणावर भरवसा राहिला नाही, निदान काकांचा तरी. त्यांनी बत्ता पांढऱ्या कापडात बांधून कपाटात पेन्शनच्या फायलीमागे दडवला. दुसऱ्या दिवशी तो घासून पुसून ओट्यावर होता. गादीखाली ठेवला, पुन्हा ओट्यावर. जुन्या बुटात ठेवला, तर ओट्यावर बत्ता आणि शेजारी पॉलिश केलेले बूट. काकू एका शब्दानं काही विचारत नव्हत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी काही विचारलं नाही असा हा पहिलाच आठवडा होता, आणि त्यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर काकांना बरं वाटलं असतं. मुलीशी फोनवर बोलताना त्या काका आले की “नंतर सांगते” म्हणून फोन ठेवत. काय सांगणार होती नंतर? कुणाकुणाला सांगणार होती?

न राहवून ते खाली विमेवाल्यांकडे गेले. “तुम्हाला कायद्याचं कळतं, म्हणून विचारतो. समजा, एखाद्या सरकारी माणसाच्या हातून नकळत काही इकडचं तिकडे झालं. आणि बऱ्याच वर्षांनी उजेडात आलं. तर पेन्शन बंद होते का?”

“किती वर्षांनी?”

“समजा, सव्वीस.”

विमेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. “समजा म्हणणारा माणूस पंचवीस म्हणतो, काका. नाहीतर तीस.” पुढच्या रविवारपासून ते मालिका बघायला येत, पण खुर्ची अशी मांडत की टीव्हीपेक्षा काका नीट दिसावेत.

पेन्शनचं भय खोटं नव्हतं. पण काकांना खरं टोचत होतं ते वेगळंच. एकतीस वर्षं ते एका गोष्टीवर उभे होते, की आपल्या हातून चूक होत नाही. बाकी माणूस म्हणून आपल्यात फारसं काही नाही, हे त्यांना एकांतात ठाऊक होतं. तेवढं एक होतं, आणि आता तेही जात होतं. एका सकाळी त्यांचे पाय आपोआप औषधवाल्याच्या दुकानाकडे वळले. समोर उभ्या असलेल्या स्कूटरच्या आड उभं राहून त्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. म्हातारा झाला होता. लहान मुलांच्या औषधाच्या पुड्या अजून स्वतः कुटून देत होता. ठक, ठक, ठक. काका स्कूटरच्या आणखी मागे सरकले. किती सराईत हात, त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं वर बघितलं आणि ओळखीचं हसला. काका तिथून जे निघाले ते घरी येऊन दार लावूनच थांबले.

आठवा रविवार उजाडला. काकांनी मनाशी ठरवलं होतं, शेवटचा भाग संपला की सगळं लिहून द्यायचं. कबुलीजबाबाचा कच्चा मसुदा खिशात होता (तीन प्रतींत, क्रमांक घातलेला). सात वाजता विमेवाले आले, खुर्ची फिरवून बसले. काकू आज स्वयंपाकघरात न जाता समोरच बसल्या.

आणि शेवटच्या भागात मालिकेनं कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट दाखवली. भागीदाराच्या मेहुण्यानं गेल्या वर्षी मरताना वकिलाला बोलावून जबानी दिली होती. खून त्यानं केला होता. बत्त्यानं नव्हेच, दुकानाच्या दाराच्या लोखंडी अडसरानं. अडसरही सापडला होता, त्यानं सांगितलेल्या विहिरीत. औषधवाला पहिल्यापासून निर्दोष होता. पडद्यावरचे न्यायाधीश जुना निकाल पुन्हा वाचून म्हणत होते: बत्ता कोरा करकरीत आहे, या एका शंकेमुळे एक निरपराध माणूस फासावरून परत आला.

काकांनी डोळे पुसले. मग हळूहळू त्यांची पाठ सरळ झाली. मान वर झाली. शेवटी ते उभेच राहिले.

“विमेवाले,” ते म्हणाले, “आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. तो बत्ता कोरा का होता? कारण तो मी ठेवला होता.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन बत्ते, दोन चिठ्ठ्या, साहेबांची हाक. फक्त सूर आता वेगळा होता. गेले चार आठवडे जी घोडचूक होती, ती बोलता बोलता जवळजवळ दूरदृष्टी झाली. “मला आतून वाटलंच होतं, हा माणूस निर्दोष आहे. हात आपोआप वळला.” ते काकूंकडे फिरले. “आणि तुला सांगतो, मी फसलो नव्हतो. भांडेवाल्यानं नवाच दिला होता. तो कोर्टात गेला. आणि हा आपल्या ओट्यावरचा, ज्यात तू आलं ठेचतेस, हा पुरावा क्रमांक सात आहे. ऐतिहासिक वस्तू.”

“तो नाही,” काकू म्हणाल्या.

“काय नाही?”

“तो पुरावा नाही. तो नवाच आहे. तुम्ही आणलात त्याच्या चौथ्या दिवशी मी जाऊन बदलून आणला. भांडेवाला सारखा म्हणत होता, बाई, असला माल माझ्या दुकानात कधी नव्हता. मी म्हटलं, मग काय आमच्या यांनी चोरून आणला? तेव्हा मुकाट्यानं बदलून दिला बिचाऱ्यानं.”

काका हळूच खाली बसले. “आणि कडेचा टवका?”

“तुम्ही कॅलेंडरचा खिळा ठोकलात त्याच्यानं.”

“पण सव्वीस वर्षं तू मला ऐकवतेस, जुना बत्ता आणला म्हणून.”

“आणला होतातच की. मी बदलला म्हणून तुमचं आणणं थोडंच बदलतं?”

विमेवाल्यांनी आता खुर्ची काकूंकडे फिरवली होती. “काकू, मग तो खरा बत्ता कुठे गेला?”

“दुकानात पडून होता वर्षभर. जुना कोण घेणार? मग औषधवाले सुटून आले, दुकान पुन्हा मांडायला खल होता, बत्ता नव्हता. भांडेवाल्याकडे शोधायला गेले, तर हा दिसला. अजून त्यांच्याकडेच आहे. मला परवासुद्धा म्हणाले, वहिनी, अगदी माझ्या जुन्यासारखा मिळाला, टवकासुद्धा तिथंच आहे.”

“परवा?” काका म्हणाले. “तू तिथं कशाला गेली होतीस?”

“तुमच्या गोळ्या आणायला. अकरा वर्षं तिथूनच आणते. तीन गल्ल्या कोण चालणार? आणि दोन गोळ्या जास्त गेल्या तर हाक मारून परत बोलावणारा माणूस खून करत नसतो, एवढं मला मालिकेशिवाय कळतं.”

काकांना कोर्टातली जुनी वही आठवली. तिच्यातला शेवटचा रकाना: ‘वस्तू मूळ मालकास परत केली, होय अथवा नाही’. पुरावा सातच्या पुढे ती जागा सव्वीस वर्षं कोरी होती. आणि ते काम त्यांच्या बायकोनं भांडेवाल्याशी भांडून केव्हाच पुरं करून टाकलं होतं, पावतीशिवाय. त्या माणसानं ‘हा माझा नाही’ म्हणून सांगितलं तेव्हा तो एकटाच खरं बोलत होता. आणि आपण गावभर काय सांगत हिंडलो, ते आठवून त्यांना मनापासून लाज वाटली.

“तुला हे सगळं कधी जुळलं?”

“चौथ्या भागाला. फोटो बघितला तेव्हाच.”

“आणि चार आठवडे गप्प बसलीस? मी जिवाला घोर लावून घेतला होता.”

“दिसत होतं की. हसू दाबून दाबून माझी पाठ धरली,” काकू म्हणाल्या. “पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ कबूल करत होतात, की मी फसलो. म्हटलं, चाललंय तर चालू दे थोडे दिवस.”

खिशातला मसुदा काढून काकांनी तिन्ही प्रती फाडल्या. उद्या सकाळी औषधवाल्याकडे जायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं. मग, घोळ पुन्हा होऊ नये म्हणून, सवयीनं टेबलाच्या खणातून एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात ‘घरचा’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि डिंकाची बाटली उघडली.

तेवढ्यात विमेवाल्यांनी दारातून हाक मारली, “काका, जरा इकडे येता का?”

काका उठले. काकूंनी शांतपणे त्यांच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली.

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “चिकटवायचं मी बघते.”